एकतीस खांब आणि सात आभाळं

माझ्या मेहुण्याकडे सात आभाळं आहेत. दोन सकाळची, तीन संध्याकाळची, एक पावसाळी, आणि एक असं, जे तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढउतार करूनही मला कधी दिसलं नाही. त्याचा रंग गुडघा फुटल्यावर लावायच्या औषधासारखा आहे. ही आभाळं तो कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवतो आणि गिऱ्हाईक पाहून त्यातलं एक कुठल्याही डोंगरावर चिकटवतो. सगळा बाजार त्याला आभाळशेठ म्हणतो. लोक चेष्टा करतात हे त्याला कळत नाही, किंवा कळतं आणि चालतं. दुसरं खरं असावं.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत एक स्टूल, मागे निळा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. तीन कंगवे चोरीला गेल्यावर दोरी आली. इथे ओळखपत्रांचे फोटो निघतात आणि त्यावर त्याचं घर चालतं. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, मोठा प्रिंटर आणि त्याचा खरा जीव, म्हणजे निसर्गदृश्यं. टेकडी, दरी, धुकं, पायवाट. दवाखाने, हॉटेलं, वकिलांची ऑफिसं ती विकत नेतात. दात उपटायची वाट बघताना माणसाला समोर काहीतरी हिरवं लागतं म्हणे.

हा धंदा त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून पेन्सिलने चेहरे दुरुस्त करायचे. पेन्सिलीचं टोक सुईसारखं हवं, म्हणून ती पॉलिशपेपरवर घासायला अर्धा तास. त्यांचा नियम होता. मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा. "मुरूम आठ दिवसांनी जाणारच आहे," ते म्हणायचे. "तीळ त्या माणसाचा आहे, माझा नाही." एका चेहऱ्याला त्यांना एक दुपार लागायची. पोराला सगळा डोंगर साफ करायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो.

साफ करणं हा त्याचा शब्द. फोटो उघडला की त्याचा हात आधी तारांवर जातो. तारा, खांब, पाण्याच्या टाक्या, पत्र्याची शेडं, रस्त्यावरचा ट्रक, कधी कधी माणसंही. सगळं साफ. मग आभाळ. आणि मग मूळ फोटो पुसून टाकायचा. एका हॉटेलवाल्याने एकदा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी पाहिला आणि पोट धरून हसला. तेव्हापासून मेहुणा मूळ फोटो ठेवत नाही.

"पाहुण्यांना घर दाखवतो, भावोजी," तो म्हणाला. "केर तसाच ठेवून दाखवतो का?"

"तू केर नाही, भिंत काढतोस," मी म्हणालो.

एका वर्षी त्याने टेकडीखालच्या माळावर तळं घातलं. पाण्यात टेकडीची उलटी सावली, वर सहा नंबरचं आभाळ. कॅलेंडर छापलं गेलं. उन्हाळ्यात एक नवराबायको गाडी घेऊन आले, मागे पोहायच्या रबरी ट्यूबा, आणि माझ्याच दारात थांबून तळ्याची वाट विचारू लागले. मी त्यांना स्टुडिओचा पत्ता दिला. म्हटलं, तळं तिथे आहे, मागच्या खोलीत. संध्याकाळी मेहुणा तणतणत घरी आला.

"ताई, यांना सांग काहीतरी. गिऱ्हाइकासमोर अब्रू काढतात."

"पाणी तू घातलंस," बायको म्हणाली. "चिखल कोण उपसणार?"

त्याच्यासारख्यांचं एक छायाचित्र मंडळही आहे. दर रविवारी स्टुडिओच्या मागच्या खोलीत भरतं. बायकोने डबा पाठवला म्हणून मी एकदा गेलो आणि दाराशी उभा राहून ऐकलं. विषय होता, निसर्गाच्या फोटोत किती फेरफार चालतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला दिसलं असतं तेवढंच. बँकेतून निवृत्त झालेले एक जण म्हणाले, टक्के ठरवून टाका, दहा टक्क्यांपर्यंत माफ. तिसरा म्हणाला, उजेड वाढवला तर चालतं, कडा कापली तर चालतं, कागदाचा कपटा काढला तर चालतं. मग प्लास्टिकची पिशवी का नको? मग टपरी का नको? यावर पाऊण तास गेला. शेवटी मेहुणा डोळे मिटून म्हणाला, "मनाला दिसतं ते खरं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी विचारलं, "हा समोरचा टेकडीचा फोटो काढायला तिथे किती वेळ उभे होतात?"

"दहा मिनिटं," बँकवाले म्हणाले. "इंजीन चालूच होतं."

मी डबा ठेवला आणि निघालो. दहा मिनिटांत मनाला काय दिसतं ते मला माहीत नाही. त्या टेकडीवर मी अकरा महिने होतो आणि मला पहिले दोन महिने दगडाशिवाय काही दिसलं नव्हतं.

त्या टेकडीवरची विजेची ओळ आम्ही तेहेतीस वर्षांपूर्वी टाकली. टेकडीपलीकडच्या वस्तीला वीज नव्हती. खालच्या वीज केंद्रापासून वरच्या खिंडीपर्यंत एकतीस लोखंडी खांब. रस्ता नव्हता. खांब आठ जणांच्या खांद्यांवरून वर जायचा, दिवसाला एक, चढ वाढला की दोन दिवसांना एक. मी तेव्हा खड्डे खणणाऱ्या गँगमध्ये होतो. लाइनमन नंतर झालो. खड्डा पाच फूट. मुकादमांच्या हातात पाच फुटांवर खूण केलेली काठी असायची, पण एका माणसाला रोज सगळे खड्डे मोजणं शक्य नव्हतं. मग ते काठावर उभे राहून विचारायचे, "पाच?" आपण "पाच" म्हटलं की पुढे जायचे. काठी खाली घालायचे नाहीत. याहून कडक तपासणी मी पुढे कुठे पाहिली नाही.

मुकादम आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले, खुबा गेला. मुलीने दूरच्या शहरात तिच्या घरी नेलं. तिसरा मजला, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे नळ. निघताना गाडीत बसवलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"ओळ काढणार आहेत म्हणे. वस्तीला आता जमिनीखालून केबल येतेय."

"हो, मुकादम. पुढच्या महिन्यात."

"त्याआधी एक फोटो पाठव. मोठा. भिंतीवर लावीन. एकतीसच्या एकतीस मोजता आले पाहिजेत. सकाळी नऊला काढ, तारा चमकतात तेव्हा."

या माणसाने चौतीस वर्षांत माझ्याकडे कामाशिवाय काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

माझा फोन बटणांचा. फोटोसाठी मेहुण्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. मी त्याला समजावलं, मुकादम कोण, ओळ का हवी, एकतीस का हवे. दरीच्या अलीकडच्या कड्यावर त्याला पायी नेलं. तिपाई मीच उचलली. तो दोनदा बसला, एकदा बुटातला खडा काढायला आणि एकदा काहीच काढायला नाही. नऊला तारा चमकल्या. त्याने फोटो काढला, मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत डोळे घालून मोजले. एकतीस.

"खूश?" त्याने विचारलं.

"छापून दे," मी म्हणालो.

छापायला त्याने साडेतीन आठवडे लावले. आधी कागद संपला, मग शाई संपली, मग मेव्हणीकडचं लग्न निघालं. दरम्यान कंपनीची माणसं आली. गॅसच्या ज्योतीने खांब जमिनीलगत कापले, क्रेनने खाली ओढले. अकरा महिन्यांचं काम आठ दिवसांत उतरवलं. मी रोज जाऊन बघत होतो. किती खोल गाडले होते ते त्यांनी पाहिलं नाही. तेवढा भाग जमिनीतच राहिला.

नवव्या दिवशी मेहुणा घरी आला. काखेत चार फुटी फ्रेम, खाकी कागदात गुंडाळलेली. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा भाव. त्याने कागद फाडला आणि फ्रेम भिंतीला टेकवून मागे सरकला.

टेकडी होती. वर तीन नंबरचं आभाळ, मावळतीचं, तांबूस. सकाळी नऊला काढलेल्या फोटोत सूर्य टेकडीमागे बुडत होता आणि झुडपांच्या सावल्या सूर्याच्याच दिशेने पडल्या होत्या. उतार हिरवा, मऊ, गादीसारखा. एकही खांब नव्हता.

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"ओळ कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठली ओळ?" तो म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उतरला. सोंग नव्हतं ते. तो खरंच विसरला होता. फोटो उघडला, हात तारांवर गेला, तारा गेल्या, खांब गेले, आभाळ आलं. डोक्याला विचारायचं हाताला सुचलंच नाही.

"मूळ फोटो?"

त्याने फाटलेला खाकी कागद गोळा केला. बायकोने विचारलं, "पुसलास?"

"ताई, सवयीने होतं गं."

"दोन वाक्यांचं काम होतं," मी म्हणालो. "ओळ हवी. एकतीस हवे. सगळ्या डोंगरात तेवढंच ठेवायचं होतं आणि तू नेमकं तेवढंच काढलंस."

तो जरा सावरला. "पण भावोजी, एक सांगू? बघा तरी. म्हाताऱ्या माणसाच्या भिंतीला शोभा येईल. खांब म्हणजे काय, दातात अडकलेलं काहीतरी. आणि आता गेलेच की ते. बाबांच्या नियमाने बघितलं तर जाणारं काढलं मी."

बायकोने त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलून आत नेला. चहा अर्धा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत त्याचे जुने फोटो काढून बसलो. वीस वर्षांत त्याने ती टेकडी कमीत कमी चाळीस वेळा टिपली होती. वसंतातली टेकडी, धुक्यातली टेकडी, बर्फातली टेकडी. आमच्याकडे बर्फ पडत नाही. चाळीसांपैकी एकाही फोटोत एकही खांब नव्हता. मंडळातल्या सगळ्यांकडे विचारलं. बँकवाल्यांच्या एका फोटोत दोन खांब सापडले, कारण त्यांना साफ करायला अजून जमत नव्हतं. वीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली ओळ, आणि गावातले सगळे कॅमेरे मिळून दोन खांब.

आठ दिवसांनी मेहुण्याने निरोप पाठवला, काम झालंय, या. गेलो. पडद्यावर टेकडी होती आणि तिच्यावर खांब. त्याने गावाबाहेरच्या एका खांबाचा फोटो काढून तोच एकतीस वेळा चिकटवला होता. सगळे एका उंचीचे, सगळ्यांवर उजवीकडे तोच कावळा.

"खिंडीतला खांब पायथ्याच्या खांबाएवढा कसा?" मी विचारलं.

"लहान करतो."

"आणि हा कावळा एकतीस जागी बसलाय."

"काढतो."

"तुला काढणं सोडून काय येतं?"

त्याने खुर्ची वळवली. पहिल्यांदाच जरा चिडला. "मग तुम्हीच सांगा, भावोजी. आधी म्हणत होतात काही काढायचं नाही. आता म्हणता घाल. घातलं तर म्हणता खोटं. चालतं काय नक्की?"

"होतं ते, होतं तिथे, होतं तसं."

"आणि ते कुठे होतं हे मला कोण सांगणार?"

"मी," मी म्हणालो.

त्याच दिवशी मुकादमांना फोन केला. आडपडदा ठेवला नाही. ओळ पुसली गेली, खांब उतरले, आता जोडून फोटो करावा लागेल, पाठवू का नको? ते म्हणाले, "जोडून कर. पण आहे तशी कर." त्यांनी 'होती' म्हटलं नाही.

मग कामाला लागलो. खांब कंपनीच्या आवारात ढिगाने पडले होते. भांडारवाला माझ्या वेळचा, त्याने फाटक उघडलं. प्रत्येक खांबावर पत्र्याची नंबराची पट्टी अजून होती. मेहुण्याने एकेक खांब आडवा टिपला, गंजासकट, चिनी मातीच्या वाट्यांसकट. दुपारपर्यंत त्याचा पांढरा शर्ट लाल झाला. "झोपलेल्यांचे फोटो काढतोय," तो पुटपुटला. मी म्हणालो, उभे होते तेव्हा तू झोपला होतास.

जागांसाठी मी बांबू घेतला, खांबाच्या बरोबर निम्म्या उंचीचा, टोकाला पांढरं फडकं. टेकडीवर प्रत्येक खांबाचा कापलेला बुंधा जमिनीत होता. मी बुंध्यावर बांबू धरायचा, मेहुण्याने दरीपलीकडच्या कड्यावरून टिपायचं. उंची दुप्पट केली की खांब. ताण असेल तर सांगायचं. ताण म्हणजे खांब कलू नये म्हणून त्याच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत तिरकी ओढलेली जाड तार. सकाळी सातला पायथ्याशी सुरुवात केली. माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत, पण ते मी गुडघ्यांना सांगितलं नाही.

"एक," मी फोनवर म्हणायचो.

"घेतला. ताण?"

"आहे. डाव्या अंगाला."

सातव्या खांबावर एकदा झाड पडलं होतं, तेव्हापासून तो डावीकडे झुकलेला. मी बांबू तेवढाच झुकवला. बाराव्याची आडवी पट्टी वाकडी होती, ती मेहुण्याने टिपलेल्या खांबातच होती. चौदाव्यापाशी मी पाणी प्यायलो. दरीपलीकडून मेहुण्याचा आवाज आला.

"भावोजी, खरं सांगतो, माझे पाय भरून आलेत. नुसता उभा आहे तरी."

"माझे नाहीत," मी म्हणालो. भरून आले होते.

एकोणिसाव्यापाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बुंधा दगडात होता. शेजारी ताणाची लोखंडी कडी जमिनीतून वर आलेली. ती मी बुटाखाली घेतली आणि बांबू सरळ धरला. ओळंब्यात.

"घेतला. ताण?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं. चला पुढे."

एकोणिसाचा खड्डा मी खणला होता.

खिंडीतला एकतिसावा संपला तेव्हा चार वाजले होते. पुढचे बारा दिवस मी रोज स्टुडिओच्या मागच्या खोलीत मेहुण्याच्या शेजारी बसलो. तो एक खांब उभा करायचा, मी म्हणायचो, पट्टी जरा खाली, गंज या बाजूला, ऊन तिकडून येतंय. तारा त्याने एकेक ओढल्या आणि प्रत्येकीला मधे झोळ दिला, कारण तार कधी सरळ नसते. त्याच्या पाठीला कळ लागली. चहा निवत राहिला. मंडळाचे लोक रविवारी आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "आज बैठक नाही, काम आहे." मला त्याचं कौतुक वाटलं असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं जे फुकट काढलं ते परत घालायला काय पडतं, एवढं त्याला कळत होतं. हे त्याने वीस वर्षांपूर्वीच करून बघायला हवं होतं.

आभाळ मात्र राहिलंच होतं. खरं आभाळ पुसलेल्या फोटोबरोबर गेलं होतं. मी विचारलं, सातांपैकी कुठलं घालणार? तो उठला, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एकटा त्या कड्यावर गेला आणि नवीन आभाळ घेऊन आला. पांढुरकं, काही नसलेलं. कुठल्याही दाताच्या डॉक्टरने घेतलं नसतं.

"काहीच नाही यात," तो म्हणाला.

"सकाळी नऊला काहीच नसतं," मी म्हणालो.

चार फुटी फोटो छापला, लाकडी पेटीत घालून पाठवला. पाठवायच्या आधी बायकोने बोट लावून मोजले. एकतीस. ती मेहुण्याला म्हणाली, "बाबांनी हा भिंतीवर लावला असता." त्याने नाक शिंकरलं. मी बाहेर जाऊन बसलो. तिने तेच मला म्हटलं असतं तर बरं वाटलं नसतं, आणि का ते मला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी मुकादमांचा फोन आला.

"मिळाला. मोजले. एकतीस."

"हो."

"सात बरोबर झुकलाय. बाराची पट्टी वाकडी आहे. तेविसाचा ताण दिसतो. डोळ्यांना चष्मा लावून भिंग धरलं तेव्हा दिसला, पण दिसला."

"मेहुण्याने मेहनत घेतली, मुकादम."

"सांग त्याला." मागे कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. "एकोणीस सरळ उभा केलास."

मी म्हणालो, "फोटो लांबून आहे. लांबून तसं वाटतं."

"लांबूनच तर दिसायचं. मी सतरा वर्षं केंद्राच्या पायरीवरून रोज बघत होतो. वीतभर दरीकडे. आणि त्याचा ताणही काढलास."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चार फुटांवर पहार थांबली होती ना?"

"दगड लागला होता," मी म्हणालो. "दोन दिवस मारत होतो. तुम्ही काठावर येऊन पाच विचारलंत."

"आणि तू पाच म्हणालास."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्या पावसाळ्यात कलला तेव्हा. उगाच दिला का मी त्याला ताण?"

"बोलला नाहीत कधी."

"बोलून खड्डा खोल होणार होता का?" ते खोकले. "बाकी तुझे सगळे खड्डे पाचाचे होते. मी नंतर दोनचार खणून बघितले." हे मला तेहेतीस वर्षांनी कळलं. "फोटो चांगला आहे. लावलाय. तीस खांब माझे आहेत. एकोणीस कुणाचा आहे मला माहीत नाही."

फोन ठेवल्यावर मी चपला घातल्या.

स्टुडिओत एक बाई स्टुलावर बसून ओळखपत्राचा फोटो काढून घेत होत्या. मेहुण्याने त्यांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितलं, फोटो घेतला, वाटेला लावलं. मी मागच्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीत बसलो.

"एकोणीस वाकवायचाय," मी म्हणालो.

तो दारात उभा राहिला. वीस वर्षं माझ्याकडून ऐकलेलं सगळं परत द्यायला त्याला हवी तेवढी जागा होती. त्याने ती घेतली नाही. खुर्चीत बसला आणि फाइल उघडली.

"किती?"

"वीतभर. दरीकडे."

त्याने वाकवला. "एवढा?"

"आणखी."

"पडेल हो."

"ताण घाल. मग पडत नाही. कडी बुंध्याच्या उजवीकडे आहे."

"तुम्ही तर म्हणाला होतात नाही म्हणून."

"मी खोटं बोललो होतो."

"बरं," तो म्हणाला, आणि ताण ओढला. मग मी न सांगता त्याने खांबाची सावलीही वाकवली. पडद्यापासून मागे सरकून दोघांनी बघितलं. वाईट दिसत होता. तसाच दिसायचा.

"दुसरा छापतो आणि पाठवतो," तो म्हणाला. "हा सरळवाला?"

त्याचं बोट सवयीने पुसायच्या बटणावर गेलं होतं. माझ्याकडे न बघता तो थांबला. त्याने बटण दाबलं, आणि मी त्याला अडवलं नाही.